अठ्ठ्याहत्तरचा वेग

त्या दोन वर्गांच्या मधे लाकडी पार्टिशन होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातल्या दोन बायका संगीताचा इतिहास शिकवत होत्या. एक नणंद, दुसरी भावजय. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य एरवी स्वयंपाकघरापुरतं असतं. यांचं कॉलेजपर्यंत पोचलं होतं, आणि पार्टिशन पातळ होतं.

नणंदेला मुलं 'सनावळी' म्हणत. वर्गात शिरली की ती फळ्याच्या डाव्या टोकाला सर्वांत जुनं साल लिहायची आणि तास संपेपर्यंत उजव्या टोकाला पोचायची. कोण कधी जन्मला, कोण कोणाचा शिष्य, कुठलं वाद्य कुठल्या दरबारातून आलं. आधी पत्ता माहीत हवा, मग दार वाजवा, असं तिचं म्हणणं. तिच्या वर्गात प्रत्यक्ष गाणं वाजायचं ते वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा एकच.

भावजयीचं नाव 'ऐका-ऐका'. ती खिडक्या लावून घ्यायची, एक अक्षर न बोलता काहीतरी वाजवायची आणि मग विचारायची, "काय ऐकलंत?" गाणारं कोण, कधीचं, हे शेवटी. कधी कधी सांगायचंच राहून जायचं. तिच्या मुलांना सालं येत नसत आणि नणंदेच्या मुलांना गाणं ओळखता येत नसे. पेपर मात्र दोघी अदलाबदलीने तपासत, त्यामुळे दोन्ही तुकड्यांतली मुलं सारख्याच संख्येने गटांगळ्या खात.

भावजयीला नणंदेचा राग होता, आणि तो उगाच नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांशी ओळख करून देताना नणंदेने तिची पदवी सांगितली नाही, विषय सांगितला नाही. "ही आमच्या घरातली," म्हणाली. "घेतलंय चिकटवून." सगळे हसले. भावजयही हसली, नवी होती म्हणून. त्या हसण्याचा तिला आजही पश्चात्ताप होत होता.

घरातली, तर घर कुठलं तेही सांगितलं पाहिजे. नणंदेचे आजोबा गावातले मोठे गवई. कॉलेजच्या सभागृहात त्यांची तसबीर होती, आणि त्यांनी गायलेली एकुलती एक तबकडी नणंदेच्या कपाटात कुलूपबंद होती. लेबल झिजून त्यावर नुसतं आडनाव उरलं होतं. ती वाजवायची तर आजोबांच्याच चावीच्या ग्रामोफोनवर. त्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा एक काटा होता, आणि तो मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर ठेवून वर चिकटपट्टी मारलेली होती. पहिली पट्टी आजोबांनी स्वतः मारली होती. जुनी वाळून सुटली की नणंद त्यावर नवी लावायची. काट्याला हात लावायचा नाही, असं आजोबा सांगून गेले होते आणि घरात तो कायदाच होता.

त्या वर्षी प्राचार्यांनी दोघींना बोलावलं. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. सूर त्यांना फक्त प्रेशर कुकरचा कळायचा. "एक विषय, दोन पद्धती, आणि निकाल दोन्हीकडे बोंबलतोय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षापासून एकच तुकडी, एकच शिक्षिका. दोन्ही वर्ग एकत्र बसवू. तुम्ही दोघी एकाच तबकडीवर एकेक तास घ्या. मी स्वतः बसणार."

"आणि दुसरीने काय करायचं?" भावजयीने विचारलं.

"पहिल्या वर्षाला स्वरलेखन शिकवायचं. खालच्या खोलीत."

खालची खोली म्हणजे मोडक्या बाकांची खोली. तिथे नऊ महिने मुलांना कागदावर रेघा मारायला शिकवायच्या, आणि एवढी वर्षं घासून-पुसून उभी केलेली आपली शिकवण्याची पद्धत नणंदेने फडक्याने फळा पुसावा तशी पुसलेली बघायची. आणि वाजवायची ती तबकडी कुठली, हे नणंदेने न विचारताच सांगून टाकलं. "आमच्या आजोबांची. दुसरी कुठली?"

मग भावजयीच्या हाती एक गुपित लागलं, आणि लागलं ते पार्टिशनमुळेच. पलीकडे नणंद तासाची तयारी म्हणून तबकडी वाजवत होती. जाड, संथ, खोल विहिरीतून यावा तसा तो पुरुषी आवाज भावजयीला पाठ होता. गाण्याच्या मध्यावर मागे कुठेतरी घड्याळाची घंटा वाजते, तीही पाठ होती. तबकडी याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरली होती आणि घंटा समोरच्या मनोऱ्यावरची. मनोरा कधी बांधला ते ठाऊक, म्हणून तबकडी त्यानंतरची. या एका घंटेवर नणंद अर्धा तास बोलायची.

त्या दिवशी पलीकडे तबकडीतली घंटा वाजली आणि त्याच क्षणी खिडकीबाहेर मनोऱ्यावरची खरी घंटा वाजली. दोन घंटा एकत्र वाजल्या आणि एकमेकींशी भांडल्या. तबकडीतली सुराला चांगलीच उतरलेली होती.

भावजय खुर्चीवरून उठलीच. घंटा तीच. तिचा सूर काही बदलत नाही, पितळ म्हातारं झालं म्हणून त्याचा घसा बसत नाही. मग तबकडी हळू फिरतेय. आणि घंटा उतरली असेल तर तिच्याबरोबर आवाजही उतरलाय.

पण असं का व्हावं, ते तिला ठाऊक नव्हतं. कारण सापडलं ते नणंदेच्याच तिसऱ्या तासाच्या टिपणात, ज्या टिपणांची ती इतकी वर्षं टिंगल करत आली होती. त्या काळी प्रत्येक कंपनी आपापल्या वेगाने तबकडी भरत असे. अठ्ठ्याहत्तर सगळीकडे ठरला तो मागाहून. पाच मार्कांचा प्रश्न. नणंदेने तो वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतला आणि स्वतःच्या कपाटातल्या तबकडीला एकदाही लावून पाहिला नाही. भावजय एकटीच मोठ्याने हसली. शेवटी नणंद वर्ग उघडा टाकून प्राचार्यांकडे गेली तेव्हा हिने आत जाऊन चिकटपट्टीचं टोक उचललं, काटा सरकवला आणि कान लावून ऐकलं. मग काटा परत अठ्ठ्याहत्तरवर आणून पट्टी होती तशी दाबून टाकली.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा नणंदेचा धाकटा भाऊ. दोघींच्या कात्रीत सापडून त्याने बोलणंच कमी केलं होतं.

"ती तबकडी आजोबांची नाही," ती म्हणाली. "बाई गातेय."

"कोण बाई?"

"ते मला काय माहीत? असेल कोणी. पण तुझी ताई ज्या आवाजावर गळे काढते तो आवाज जगात कधी नव्हताच. यंत्राने केलाय तो."

नवऱ्याने रिकामं ताट पुढे सारलं. "खाली जाऊन तिला आधीच सांग. घरातलं घरात राहू दे."

भावजय खरंच दोन पायऱ्या उतरली. खालच्या मजल्यावर नणंद फोनवर बोलत होती, दार उघडं होतं. "हो, एकत्र तास आहे," नणंद कोणाला तरी सांगत होती. "अहो, तिचं काय घेऊन बसलात? नुसतं वाजवायचं आणि डोळे मिटायचे, ही काय विद्या झाली? रिक्षावालाही दिवसभर वाजवतो. आमच्या घरात आली नसती तर तिला दारातसुद्धा उभं केलं नसतं कोणी."

भावजय त्या दोन पायऱ्या परत चढली. नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगीन. सगळ्यांसमोर सांगीन."

एकत्र तासाच्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. प्राचार्य पहिल्या बाकावर वही उघडून बसले. नणंदेने पांढरे हातमोजे घालून तबकडी लावली, आणि खरं सांगायचं तर झकास शिकवलं. आजोबांचे गुरू, गुरूंचे गुरू, मनोऱ्याचं साल, सगळं जिभेवर. "ऐका हा गंभीर, संथ आवाज," ती म्हणाली. "तेव्हा घाई नव्हती. आजची उथळ पळापळ नंतर आली." गाणं संपल्यावर तबकडीत एक दीर्घ, घोगरा आवाज येतो. नणंद त्याला 'हुंकार' म्हणायची. साधना पूर्ण झाल्याचा हुंकार. त्यावर ती दहा मिनिटं बोलली. "आणि एवढं असून नम्रता किती! कोणी स्तुती केली तर 'माझा आवाज' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'आवाज आमच्या घरातला आहे,' एवढंच म्हणायचे."

टाळ्या पडल्या. नणंदेने मोजे काढले आणि भावजयीकडे न बघताच म्हणाली, "आता आमच्या घरातली तुम्हाला ऐकवेल. ती सांगत काही नाही, नुसतं ऐकवते."

हशा पिकला. भावजय शांतपणे उठली आणि नेहमी बंद करायची त्या खिडक्या तिने सताड उघडल्या. "मनोऱ्यावर आता ठोके पडतील," ती म्हणाली. "तो सूर धरा. तोंड मिटून गुणगुणा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

घंटा वाजली. सगळा वर्ग तो एक सूर धरून गुणगुणू लागला. प्राचार्यही ओठ मिटून काहीतरी करत होते. भावजयीने सुई तबकडीच्या मध्यावर टेकवली. जाड आवाज आला आणि मागे घंटा. गुणगुण अडखळली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय ऐकलंत?"

"बाई, आपण वर आहोत," मागून एक मुलगी म्हणाली. "रेकॉर्डमधली घंटा खाली आहे."

"घंटा तीच आहे. मग खोटं कोण बोलतंय?" भावजय नणंदेकडे वळली. "मॅडम, तिसऱ्या तासाला तुम्ही तबकड्यांच्या वेगाबद्दल काय लिहून देता?"

नणंदेची मुलं तयारच होती. पाच मार्कांचं उत्तर, सवयीने अख्ख्या तुकडीने एका सुरात म्हणून टाकलं: "त्या काळी प्रत्येक कंपनी आपापल्या वेगाने तबकडी भरत असे, अठ्ठ्याहत्तर हा वेग सर्वत्र ठरला तो मागाहून!" म्हणता म्हणता त्यांच्याच लक्षात आलं आणि शेवटचा शब्द निम्म्यांच्या घशात राहिला.

नणंद ग्रामोफोनकडे एक पाऊल पुढे आली. "काट्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

भावजयीने चिकटपट्टी ओढली. एकाखाली एक किती थर होते कोण जाणे, ओढताना लांबलचक आवाज झाला. इतक्या वर्षांचा राग त्या ओढण्यात होता आणि तिला ते बरं वाटलं. पुन्हा पुन्हा घंटेपासून लावत ती काटा पुढे सरकवत गेली, वर्गाने परत तोच सूर धरला, आणि एका जागी तबकडीतली घंटा पोरांच्या सुरात मिसळून गेली. मग तिने सुई उचलून सुरुवातीला ठेवली.

बाई गात होती. तरुण, चपळ, खट्याळ आवाज. जिथे आजोबा जड पावलांनी चढत होते तिथे ती पळत जात होती आणि वर पोचल्यावर मुद्दाम थांबून खाली बघत होती. संथपणा, गांभीर्य, घाई नसणं, नणंदेने फळ्यावर लिहिलेलं सगळं एकेक करून खोटं पडत होतं. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली, कारण गाणं फार चांगलं होतं. शेवटी तो हुंकार आला. तो हुंकार नव्हताच. गाणं संपल्यावर तिला हसू फुटलं होतं, आणि ते तिने तळहाताने अर्धं दाबलं होतं.

भावजय विजयाने नणंदेकडे वळली. ही वेळ तिने मनात पंचवीस वेळा घोळवली होती. नणंद रडेल, चिडेल, निघून जाईल. पण नणंद उभी राहिली होती आणि ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली.

पोरं तिच्याकडे वळली.

"ही आमची आजी आहे. अशीच हसायची, तोंडावर हात ठेवून." नणंदेने तसा हात ठेवून दाखवला. "आजीला गाता येत नव्हतं. आम्ही विचारलं की आजोबाच सांगायचे, तिला काय येतंय, ती चुलीपुढची."

हे भावजयीच्या हिशेबात नव्हतं. ज्या बाईला ती नुसती 'असेल कोणी' म्हणाली होती ती तिची आजेसासू निघाली होती, आणि चिकटपट्टी कोणी आणि का मारली ते आता विचारायची गरज नव्हती. एक क्षण तिला नणंदेजवळ जावंसं वाटलं. एकच क्षण. तेवढ्यात प्राचार्य टाळ्या वाजवत उभे राहिले.

"वा! म्हणजे आपल्या इमारतीत गाणं भरलेली पहिली बाई, आणि ती आपल्याच मॅडमची आजी! याला म्हणतात इतिहास!"

नणंदेने पदराने डोळे टिपले, आणि भावजयीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की डोळे टिपता टिपताच तिची पाठ ताठ झाली. ती फळ्याकडे गेली. आजोबांचं नाव पुसलं, आजीचं लिहिलं, पुढे जन्माचं साल टाकलं. आजीचं माहेर, आजीचे वडील, वडिलांचे गुरू, सगळं तिला पाठ होतं. फक्त इतकी वर्षं ते कुठे जोडायचं हे माहीत नव्हतं. तास भावजयीचा होता. बोलली नणंद, घंटा होईपर्यंत.

निकाल प्राचार्यांनी दोन दिवसांनी सांगितला. "तुमचा प्रयोग छानच होता हो," ते भावजयीला म्हणाले. "पण तो एका दिवसाचा. मॅडमना बघा, पुराव्यापुढे मत बदललं आणि उभ्या जागी अख्खी वंशावळ सांगितली. शिवाय आजी त्यांची. तुम्ही खालची खोली घ्या. आणि घरातलंच आहे ना सगळं? तुम्हाला काय वाईट वाटायचं!"

खणायला मुंग्या आणि राहायला नागोबा. भावजयीने घरी एवढंच सांगितलं. नवरा म्हणाला, "तेव्हाच सांगत होतो, आधी खाली जाऊन बोल." त्या रात्री त्याचं ताट त्यानेच वाढून घेतलं.

नवं वर्ष सुरू झालं. सभागृहात आजोबांच्या तसबिरीशेजारी आजीची लागली, मोठ्या समारंभाने, आणि भाषण नणंदेने केलं. भावजय खालच्या खोलीत रेघा मारायला शिकवत होती. डोक्यावर नणंदेचा वर्ग होता. पार्टिशन काढून दोन्ही खोल्या आता एक केल्या होत्या. एका सकाळी वरून ग्रामोफोन ऐकू आला, बरोबर वेगाचा, खट्याळ. भावजयीचा खडू थांबला. मुलांना "आलेच" म्हणून ती वर गेली आणि दाराशी उभी राहिली.

नणंदेने खिडक्या सताड उघडल्या होत्या. पोरं घंटेचा सूर धरून गुणगुणत होती. तासाची एकूण एक चाल भावजयीची होती. काट्याजवळची जागा चिकटपट्टी निघाल्यामुळे उघडी पडली होती, आणि तिथे नणंदेने नेलपॉलिशने एक लाल ठिपका दिला होता, खरा वेग कळावा म्हणून. गाणं संपलं, आजी हसली, आणि एका नव्या मुलाने हात वर केला.

"मॅडम, पण हे मुळात ओळखलं कोणी?"

नणंदेने दाराकडे पाहिलं. भावजय तिथे आहे हे तिला दिसलं, यात काही शंका नाही. दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पुरेसा वेळ पाहिलं.

"आमच्या घरातच लागला हा शोध," नणंद म्हणाली. "घरातल्यांनीच ऐकलं."

मुलाने लिहून घेतलं.

भावजय आत आली. बाकांच्या मधून चालत ग्रामोफोनपाशी गेली. तबकडी अजून फिरत होती. तिने काटा लाल ठिपक्यावरून मागे ओढून अठ्ठ्याहत्तरवर आणला आणि सुई सुरुवातीला टेकवली. जाड, संथ, पुरुषी आवाज वर्गभर पसरला. पोरं गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली.

"काय करतेस?" नणंद ओरडली. "हा खोटा आवाज आहे!"

"खोटा कसा, वन्सं?" भावजय म्हणाली. "घरातल्यांचाच आहे ना? मग चालू दे असाच."

ती खाली निघून गेली. जिन्यात, खालच्या खोलीत, फळ्यापाशी, सगळीकडे तिला तो आवाज ऐकू येत राहिला. वर काट्याला कोणी हात लावला नाही. गाणं मध्यावर आलं, उतरलेली घंटा वाजली, आणि शेवटी आजोबांनी हुंकार दिला.